गाथासप्तशती

महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे सुट्या गाथांचा प्राचीन संग्रह. मूळ नाव ‘गाहासत्तसई’. ‘सत्तसई’ व ‘गाहाकोस’ (गाथाकोश) ह्या नावांनीही तो ओळखला जातो. सातवाहन कुलातील हाल ह्या राजाने तो संकलित केला, अशी परंपरा आहे. संग्रहातील प्रत्येक गाथा अर्थाच्या दृष्टीने स्वयंपूर्ण असून मागच्यापुढच्या गाथेशी तिचा संबंध नसतो. अशा सुट्या रचनेला साहित्यशास्त्रात ‘मुक्तक’ म्हणतात. दोन ओळींत एक अख्खा प्रसंग, त्यातील माणसे आणि त्यांच्या मनातील न बोललेले असे सर्व उभे करण्याची जी कला ह्या संग्रहात दिसते, ती भारतीय काव्यपरंपरेत पुढे पुष्कळ अनुकरणे होऊनही फार थोड्यांना साधली. प्रस्तुत नोंदीत ग्रंथाच्या इतिहासाचा आवश्यक तेवढा परामर्श घेऊन मुख्यतः ह्या अल्पाक्षरत्वाचा विचार केला आहे.

पुराणांतील आंध्र राजांच्या यादीत हालाचे नाव येते व त्यावरून त्याचा काळ इ. स. पहिले शतक मानला जातो. संग्रहाच्या आरंभीच्या एका गाथेत हालाने कोटी गाथांतून सातशे निवडल्या असे म्हटले असून त्याला ‘कविवत्सल’ असे विशेषण लावले आहे. बाणभट्टाने हर्षचरिताच्या प्रास्ताविक श्लोकांत (सातवे शतक) सातवाहनाच्या सुभाषितकोशाची प्रशंसा केली आहे. तथापि आज उपलब्ध असलेला संग्रह जसाच्या तसा पहिल्या शतकातील नाही, हे निश्चित. आल्ब्रेख्ट वेबर ह्या जर्मन पंडिताने १८७० मध्ये त्याचा काही भाग व १८८१ मध्ये संपूर्ण संग्रह प्रसिद्ध केला. निरनिराळ्या पाठपरंपरा एकत्र केल्या असता गाथांची संख्या ९६४ भरते आणि सर्व पाठांत समान अशा गाथा केवळ ४३० निघतात, असे त्याला आढळले. म्हणजे हा कोश शतकानुशतके वाढत राहिला, त्यात भर पडली, काही गाथा गळल्या. वा. वि. मिराशी ह्यांनी मूळ संकलन प्राचीन मानून त्यात पुढील काळी भर पडत गेल्याचे प्रतिपादन केले, ए. बी. कीथसारख्या अभ्यासकांनी मात्र भाषेच्या स्वरूपावरून संग्रह बराच अलीकडचा ठरविला. काही टीकाकारांनी गाथांच्या कर्त्यांची नावे दिली असून त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशी स्त्रियांची नावेही आहेत. ह्या नावांवर कितपत विसंबावे हा प्रश्न असला, तरी संग्रह एका हाताचा नाही एवढे त्यावरून स्पष्ट होते. म्हणून ह्या काव्यातील संक्षेप ही एका कवीची लकब नसून एका काव्यपरंपरेची सवय आहे, असे धरून चालणे इष्ट.

गाथा ह्या छंदाची मोजणी मात्रांची. संस्कृतात तिलाच ‘आर्या’ म्हणतात. पहिल्या ओळीत ३० आणि दुसरीत २७ अशा एकूण ५७ मात्रा. ओळीत चार मात्रांचे सात गण व अखेरीस एक गुरू. दुसऱ्या ओळीतील सहावा गण मात्र एका लघूचा. बारा मात्रांनंतर बहुधा यती असते. ह्या मापात साधारणतः दहा ते पंधरा शब्द मावतात. दुसरी ओळ तीन मात्रांनी तोकडी असल्याने गाथेच्या अखेरीस बोलणे थोडे लवकर थांबल्याचा भास होतो. ही उणीव छंदाची असली, तरी तिचा उपयोग कवींनी अर्थासाठी करून घेतला आहे. वाक्यातील निर्णायक पद पुष्कळदा अगदी शेवटच्या गणांत येते आणि ते आले की गाथा संपते. त्यावर भाष्य करायला जागाच उरत नाही. संग्रहातील गाथांची तुलना अनुष्टुभातील सुभाषितांशी केली असता हा फरक चटकन जाणवतो. सुभाषिताचा उत्तरार्ध पूर्वार्धाला दृष्टांत पुरवून त्याला पक्के करतो. गाथेचा उत्तरार्ध पूर्वार्धाला अनेकदा डळमळीत करून सोडतो.

थोडक्यात पुष्कळ सांगायचे, तर काही गोष्टी ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असाव्या लागतात. गाथांतील जग गोदावरीच्या (प्राकृतात ‘गोला’) काठचे, तापी व रेवा ह्या नद्यांचे, विंध्याच्या पायथ्याचे आहे. शेतकरी, गावचा मुखिया, त्याची मुलगी, सासू, सून, दीर, वाटसरू, पाणपोईवरची तरुणी, व्याध, गुराखी अशी त्यातील माणसे. त्यांच्या नावांची गरजच पडत नाही. एका नातेवाचक संबोधनाने सगळे घर उभे राहते. सासूला उद्देशून येणारा ‘अत्ता’ हा शब्द घ्यावा. मराठीतील ‘आत्या’ ह्या शब्दाशी त्याचे नाते लावले जाते व महाराष्ट्रात अद्यापि अनेक घरांतून सुना सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात. हा शब्द गाथेच्या आरंभी आला की बोलणारी सून आहे, ऐकणारी घरातील वडीलधारी बाई आहे, बोलण्यात मर्यादा पाळायची आहे आणि त्या मर्यादेआडून काहीतरी सुचवायचे आहे, एवढे सगळे दोन अक्षरांत कळते. ‘मामि’, ‘पुत्ति’, ‘सहि’, ‘पहिअ’ ही संबोधने असेच काम करतात. त्यांना पादपूरक मानणारा वाचक निम्मी गाथा गमावून बसतो.

ऋतू आणि पिके ह्यांचे ज्ञानही असेच गृहीत धरलेले असते. साळीची शेते पांढरी पडू लागली म्हणून खाली मान घालून रडणाऱ्या एका तरुणीची समजूत घालणारी गाथा पहिल्या शतकात आहे. सांत्वन करणारी तिला सांगते, की तागाचे शेत आता हरताळ लावून नटलेल्या नर्तकीसारखे दिसू लागले आहे. प्रेमाचा, भेटीचा, प्रियकराचा उल्लेख गाथेत कोठेही नाही. परंतु साळ पांढरी पडली म्हणजे कापणी आली, कापणी झाली म्हणजे आडोसा गेला, आणि ताग पिवळ्या फुलांवर आला म्हणजे तो माणसाला लपवील इतका वाढला, हे ज्याला शेतीमुळे ठाऊक आहे त्याला रडण्याचे कारण व सांत्वनाचा अर्थ एकाच क्षणी उलगडतात. उपमेचे काम येथे विशेष पाहण्यासारखे आहे. हरताळाचा पिवळा रंग फुलांचा रंग सांगतो. नर्तकीच्या रंगविलेल्या मुखाचा उल्लेख होताच पुढे काही ‘प्रयोग’ होणार असल्याची सूचना मिळते. वर्णन आणि सूचन ही दोन्ही कामे एकाच उपमेकडून करून घेतली आहेत. शब्द वाचतात ते असे. नुसती विशेषणे गाळून संक्षेप साधत नाही.

अल्पाक्षरत्व म्हणजे शब्दांचा कंजूषपणा नव्हे, हे दाखवून देणारी एक गाथा तिसऱ्या शतकात आहे. पती प्रवासाला गेल्यावर दिवस मोजण्यासाठी भिंतीवर रेघ ओढण्याची पद्धत तीत गृहीत आहे. तो आज गेला, एवढेच वाक्य तीत लागोपाठ तीनदा येते व पहिली ओळ जवळजवळ त्यातच खर्ची पडते. दुसऱ्या ओळीत कळते, की पहिल्याच दिवसाच्या पूर्वार्धात तिने भिंत रेघांनी चितारून टाकली. जेथे मोजून पंधरा शब्द वापरायचे तेथे तीनदा तेच वाक्य वापरण्याचे धाडस कवीने केले, कारण त्या पुनरुक्तीतच रेघा ओढणारा हात दिसतो. विरहाचे दुःख, दिवस लांबल्याची भावना, थोडासा वेडेपणा आणि ऐकणाऱ्याच्या ओठावर येणारे किंचित हसू हे सर्व त्या हाताच्या हालचालीतून मिळते. पुढील काळातील संस्कृत विरहवर्णनांत चंदन, चंद्र आणि कमलपत्रे ह्यांची जी गर्दी होते, तिच्याशी ही गाथा ताडून पाहावी.

संस्कृत साहित्यशास्त्रात गाथांना जे स्थान मिळाले त्याचे कारण आनंदवर्धन. ध्वन्यालोकात (नववे शतक) वाच्य अर्थाहून सर्वस्वी निराळा असा प्रतीयमान अर्थ असतो, हे सिद्ध करताना त्याने आरंभीच प्राकृत गाथांची उदाहरणे घेतली. त्यांतील सर्वांत गाजलेली गाथा एका ‘धार्मिका’ला उद्देशून आहे. गोदावरीच्या काठच्या कुंजात फुले वेचायला येणाऱ्या ह्या धार्मिकाला एक स्त्री सांगते, की आता खुशाल हिंडा, तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा त्या कुंजात राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारला. शब्दांनी परवानगी दिली आहे. अर्थ मनाईचा आहे. तिचे संकेतस्थान तेच असल्याने धार्मिकाची वर्दळ तिला नको आहे. ह्याच्याच जोडीला आनंदवर्धनाने उलट प्रकारचे उदाहरण दिले. घरी मुक्कामाला उतरलेल्या वाटसरूला सून दिवसाउजेडी सांगते, की सासू येथे निजते, मी येथे. रातांधळ्या पांथस्था, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. येथे शब्दांनी मनाई आहे आणि सूचन आमंत्रणाचे. ह्या दोन गाथांवर पुढे अनेक पिढ्या वाद झाला. ध्वनी न मानणाऱ्या महिमभट्टाने व्यक्तिविवेकात (अकरावे शतक) धार्मिकाचीच गाथा घेऊन येथे व्यंजना नावाचा स्वतंत्र व्यापार नसून केवळ अनुमान आहे, असा युक्तिवाद केला. भित्रा माणूस सिंह असलेल्या जागी जात नाही, म्हणून हा जाणार नाही, असा तो तर्क. दोन ओळींच्या एका गावरान गाथेने काश्मीरातील पंडितांना दोनशे वर्षे कामाला लावले, ही गोष्ट गमतीची खरी. पण तीवरून ह्या रचनेत किती दाबून भरले आहे हेही समजते.

मात्र ह्या वादात गाथेतील काही बारकावे मागे पडले. कुत्र्याला ‘तो’ आणि सिंहाला ‘त्या’ असे दर्शक सर्वनाम आहे. म्हणजे कुत्र्याची हकीकत धार्मिकाला आधीपासून माहीत आहे आणि सिंहाचीही चर्चा पूर्वी झालेली असावी. ‘आज’ हा शब्द बातमी ताजी करतो, म्हणजेच सिंह आत्ता तेथे आहे. बातमी आनंदाची म्हणून सांगितली जात आहे आणि सांगणारीचा स्वर आपुलकीचा आहे. एकाच वाक्यात पूर्वीचा इतिहास, वर्तमान धोका आणि सांगणारीचा साळसूदपणा असे तीन थर बसविले आहेत. विधी आणि निषेध अशी तार्किक फोड केली की तिसरा थर नाहीसा होतो. आणि खरे पाहता गाथेची रुची त्या साळसूद स्वरात आहे. अनुमान करून संकेतस्थानाचा शोध लागतो. तो स्वर अनुमानाने ऐकू येत नाही. ह्या बाबतीत आनंदवर्धनाची बाजू महिमभट्टाहून काव्याच्या अधिक जवळची आहे, असेच म्हणावे लागते.

येथून एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. गाथेत न सांगितलेले जे काही आहे ते गाथेचे किती आणि टीकाकाराचे किती? गंगाधरभट्टाची टीका (निर्णयसागर, काव्यमाला, १८८९) वाचताना हा प्रश्न पानोपानी पडतो. तो प्रत्येक गाथेला अवतरणिका देतो: अमुक नायिका सखीला सांगते, अमुक दूती जाराला ऐकू जाईल असे बोलते, इत्यादी. ज्या गाथांत संबोधन आहे, आज्ञार्थ आहे, तेथे अशी अवतरणिका उपकारकच ठरते. परंतु जेथे नुसते चित्र आहे, तेथेही तो तीच युक्ती वापरतो आणि साधे निसर्गवर्णन संकेतस्थानाची जाहिरात होऊन बसते.

ह्या संदर्भात बलाकेची गाथा निर्णायक मानता येईल. कमळाच्या पानावर एक बलाका निश्चल, निःस्पंद बसली आहे. पाचूच्या निर्मळ तबकात शंखाची शिंप ठेवावी तशी ती शोभते आहे. गाथा एवढीच. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासात तीतून अर्थांची साखळी काढली. पक्षी हलत नाही म्हणजे तो निर्धास्त आहे. निर्धास्त आहे म्हणजे येथे माणसांची ये-जा नाही. म्हणून ही भेटीची जागा आहे. अथवा, तू येथे येऊन गेलास म्हणतोस ते खोटे आहे, आला असतास तर पक्षी उडाला असता. बुद्धीला चकित करणारी ही फोड आहे, आणि ती अगदीच निराधारही नाही, कारण गाथेचा आरंभ ‘पहा’ ह्या अर्थाच्या शब्दाने होतो व पहा म्हणणारे आणि ज्याला म्हणायचे ते अशी दोन माणसे त्यामुळे तळ्याकाठी उभी राहतात. परंतु ‘पहा’ म्हणणारा माणूस केवळ पाहायलाच सांगत असेल, ही शक्यता मम्मटाच्या मनाला शिवत नाही. हिरव्यावर पांढरे, आणि त्या पांढऱ्याचे न हलणे, एवढ्यावर गाथा पूर्ण होऊ शकते. मौल्यवान वस्तूंची उपमा देऊन कवीने जिवंत पक्षी क्षणभर निर्जीव करून ठेवला आहे. तो आता हलेल का, ह्या अपेक्षेत वाचक थांबतो. हा थांबा हाच काव्यानुभव. मम्मटाची साखळी त्याला पुढे ढकलते.

अल्पाक्षरत्वाचे येथे दोन प्रकार संभवतात व त्यांची गल्लत करू नये. काही गाथांत अर्थ दडविलेला असतो आणि काहींत तो सोडून दिलेला असतो. पहिल्या प्रकारात वाचकाने कोडे सोडवायचे असते. उत्तर एक असते आणि ते मिळाल्याचा आनंद चतुराईचा असतो. दुसऱ्या प्रकारात उत्तर नसतेच. काव्यशास्त्रज्ञांना पहिला प्रकार अधिक प्रिय वाटला, कारण त्यावर शास्त्र रचता येते. संग्रहाची थोरवी मात्र दुसऱ्या प्रकारात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाणपोईवरच्या प्रसंगाची गाथा पहावी. वाटसरू डोळे वर करून ओंजळीची बोटे विरळ करीत पाणी पितो. पाणी घालणारीही आधीच बारीक असलेली धार तसतशी आणखी बारीक करते. बोटांतून गळणारे पाणी आणि बारीक होणारी धार ह्या दोन हालचाली एकमेकींना उत्तर देतात. दोघांनी एकमेकांशी एक शब्द उच्चारल्याचे गाथा सांगत नाही. तहान भागू नये अशी दोघांचीही इच्छा आहे हे आपणच म्हणतो, आणि म्हटल्याबरोबर ते वाक्य गाथेपुढे बोजड वाटू लागते.

ह्याहूनही विलक्षण गाथा शेतकऱ्याची. शेतात काम उरलेले नाही तरी तो घरी जात नाही. बायको मेल्यामुळे ओस झालेल्या घराचे दुःख तो टाळतो आहे. येथे दडविलेले काहीच नाही. कारणसुद्धा सांगून टाकले आहे, आणि तेही एका लांबलचक समासात कोंबून. तरीही गाथा वाचून झाल्यावर तो माणूस रिकाम्या शेतात उभाच राहतो. सूर्य कलला असेल, इतर लोक गेले असतील, आज ना उद्या त्याला घरी जावेच लागेल. हे काहीही गाथेत नाही. ध्वनीच्या भाषेत येथे करुण रस व्यंग्य आहे असे म्हणता येईल, पण त्याने विशेष काही उलगडत नाही. गळक्या वळचणीखाली मुलाला आपल्या डोक्याचा आडोसा करून पावसापासून वाचवणाऱ्या, आणि आपल्याच आसवांनी ते भिजते आहे हे न कळणाऱ्या प्रवाशाच्या पत्नीची गाथाही ह्याच जातीची. ही दोन चित्रे ग्रंथात आहेत, तोवर गाथासप्तशती हा केवळ चोरट्या शृंगाराचा संग्रह आहे, ही समजूत टिकण्यासारखी नाही. ती रूढ होण्यास टीकाकारांच्या अवतरणिका बऱ्याच अंशी जबाबदार आहेत.

गाथांची मांडणीदेखील अर्थावर परिणाम करते. प्रचलित पाठात शंभर-शंभर गाथांची सात शतके आहेत व त्यांत विषयाचा क्रम नाही. देवस्तुतीशेजारी सासूसुनेची कुरबूर, तिच्याशेजारी विंध्यावरचा वणवा. साधारणदेवाच्या पाठात मात्र गाथा विषयवार ‘व्रज्यां’त विभागल्या आहेत. शोधायला ही सोय बरी. पण तागाच्या शेताची गाथा संकेताविषयीच्या शीर्षकाखाली आली, की तिच्यातील रहस्य वाचण्यापूर्वीच फुटते. जयवल्लभाच्या ‘वज्जालग्ग’ ह्या जैन परंपरेतील प्राकृत संग्रहातही विषयवार मांडणी आहे, आणि तो संग्रह नीतिपर सुभाषितांकडे अधिक झुकलेला वाटतो ह्याचे एक कारण ही मांडणीच होय.

हे काव्य खेड्यातील लोकांचे की नगरातील रसिकांचे, हा वाद जुना आहे. स. आ. जोगळेकर ह्यांनी १९५६ मध्ये पुणे येथून प्रसिद्ध केलेल्या मराठी आवृत्तीच्या विस्तृत प्रस्तावनेत गाथांतील प्राचीन महाराष्ट्राच्या लोकजीवनाचा तपशीलवार धांडोळा घेतला. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज हार्ट ह्यांनी १९७५ मध्ये तमिळ संघम् काव्यातील प्रेमकवितांशी गाथांचे साम्य दाखवून दोहोंच्या मुळाशी दख्खनची समान लोकपरंपरा असावी असे मांडले. उलट डच अभ्यासक हेर्मान टीकेन ह्यांच्या मते खेडूतांचे भोळेपण पाहून नागर श्रोत्यांनी हसावे, अशी ह्या गाथांमागील दृष्टी आहे. काही गाथांत असे हसू आहेच. पण वरील शेतकऱ्याकडे पाहून कोणी नागरक हसला असेल असे वाटत नाही. गाथेचा छंद, समास आणि श्लेष शिकलेल्या कवीचे आहेत. शेत, पीक, घर आणि बोलण्याची तऱ्हा गावातील आहे. थोडक्यात बोलणे, आडून बोलणे, तिसऱ्याला ऐकू जावे म्हणून दुसऱ्याशी बोलणे ही दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या स्त्रियांची गरज होती. कवींनी त्या गरजेची कला केली, असे मानले म्हणजे दोन्ही पक्षांतील ग्राह्य भाग हाती राहतो.

भाषेचाही ह्यात वाटा आहे. महाराष्ट्री प्राकृतात स्वरांमधील व्यंजने मोठ्या प्रमाणावर लोप पावतात, त्यामुळे संस्कृतातील अनेक शब्द एकाच रूपात येऊन मिळतात. ‘मअ’ हे एकच रूप मद, मृग, मृत, मत ह्या शब्दांचे असू शकते. ‘कइ’ म्हणजे कवी, कपी किंवा किती. गद्यात ही अडचण ठरेल, पण दोन ओळींच्या काव्यात ती संपत्ती आहे. टीकाकारांनी दिलेल्या संस्कृत छायेत त्यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो व उरलेले मरतात. छायेवरून गाथा वाचण्याची जी सवय आपल्याकडे रूढ आहे, ती ह्यासाठी त्याज्य समजावी. मराठी वाचकाला तर मूळ प्राकृत तितके परके नाही. पोट्ट (पोट), चिक्खल्ल (चिखल), तुप्प (तूप) असे शब्द त्याला वाटेत भेटतात.

तरीही मराठी भाषांतर अवघड आहे, आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. प्राकृत क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत ‘जाते’ किंवा ‘जातो’ म्हटल्याशिवाय सुटका नसते. जेथे मूळ गाथेने बोलणाऱ्याची ओळख मुद्दाम मोकळी ठेवली आहे, तेथे भाषांतरकाराला गंगाधरभट्टाप्रमाणे निर्णय द्यावाच लागतो. संबोधनाचे तसेच. वाटसरूशी बोलणारी सून त्याला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? ‘तुम्ही’ म्हटले तर सासूदेखत बोलण्याची मर्यादा राखली जाते, पण जवळीक हरवते. ‘तू’ म्हटले तर सासूला जाग यावी. मूळात एकवचनी रूपाने दोन्ही साधते. पद्यानुवादात आर्येचे माप सांभाळण्यासाठी भरीचे शब्द घालावे लागतात आणि गाथेचा प्राण असलेला तुटकपणा जातो. ह्या कारणाने साध्या गद्यात दिलेला अर्थच पुष्कळदा मूळाला अधिक जवळचा वाटतो.

संस्कृतातील अमरुशतक हे गाथांचे सर्वांत योग्य भावंड. अमरूचे एकेक मुक्तक प्रबंधाइतका रस देते, अशा आशयाचा अभिप्राय आनंदवर्धनाने दिला आहे. पण अमरूचे श्लोक बहुधा मोठ्या वृत्तांत आहेत व त्यांत प्रसंग सांगायला जागा मिळते. बाराव्या शतकात गोवर्धनाचार्याने संस्कृतात आर्यासप्तशती रचली. प्राकृताला साजणारा रस आपण बळाने संस्कृतात नेला, यमुनेला आकाशात चढवावे तसे, असे त्याने स्वतःच म्हणून ठेवले आहे. त्याची प्रांजळ उपमा त्याच्या ग्रंथाला लागूही पडते. कारागिरी आहे, पण पाणी चढावर नेल्याचा प्रयास जाणवतो. सतराव्या शतकातील बिहारीची व्रजभाषेतील सतसई ४८ मात्रांच्या दोह्यात आहे, म्हणजे गाथेपेक्षाही नऊ मात्रांनी आखूड. बिहारीची सूचकता तोलामोलाची आहे. त्याच्याकडे दरबार आहे, अलंकार आहेत, नायिकाभेद आहे, चिखल नाही.

मराठीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरीष पै ह्यांनी जपानी हायकू रुजविला. पुढे चारोळीलाही मोठी लोकप्रियता लाभली. हायकूचा ओढा ऋतूतील एका क्षणाकडे असतो व माणूस त्यात असला तर बाजूला असतो. गाथेत ऋतू माणसाच्या कामासाठी राबतो. बलाकेच्या गाथेसारखी थोडी उदाहरणे सोडली तर ह्या दोहोंत साम्यापेक्षा भेद अधिक. चारोळीची चौथी ओळ पहिल्या तिन्हींचा अर्थ सांगून टाकते, ही त्या प्रकाराची नेहमीची अडचण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला; त्यासाठीच्या प्रतिपादनात गाथासप्तशतीचा आधार घेतला गेला आणि ग्रंथाचे नाव पुन्हा चर्चेत आले. ही चर्चा बव्हंशी ग्रंथाच्या प्राचीनत्वाविषयी झाली. भुवनपालाच्या टीकेसह मा. वा. पटवर्धन ह्यांनी संपादिलेला पाठ १९८० पासून उपलब्ध आहे. हा पाठ प्रचलित पाठाहून अनेक ठिकाणी निराळा असून त्यातील गाथांकडे काव्य म्हणून बारकाईने पाहण्याचे काम मराठीत अद्याप फारसे झालेले नाही.